आखून करायचं काम आणि पाहत-पाहत करायचं काम: दालमिलच्या दोन वर्षांतून आलेला प्रश्न

दारव्हेकर

राम राम मंडळी.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा दुसरा टप्पा मंजूर झाला आहे. पहिल्या टप्प्यात गोदाम, मिनी दालमिल आणि तुरीची खरेदी उभी केली. आता चाळणी-प्रतवारी आणि पॅकिंग करायचं आहे. परवाच्या संचालक मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले. जुने संचालक म्हणतात, आधी पूर्ण डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल करा, बारचार्ट काढा, प्रत्येक कामाची तारीख ठरवा आणि मग कुदळ मारा. एक तरुण संचालक पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं काढून गावी परतला आहे. त्याचं म्हणणं, एजाइल पद्धतीनं जाऊ, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करू, शिकत जाऊ तसा आराखडा बदलू. पुढच्या बैठकीत मुख्य कार्यकारी म्हणून मला मत मांडायचं आहे. त्याआधी पहिल्या टप्प्यात काय घडलं ते इथं मांडतो.

गोदामाची जागा काळ्या मातीची. पाया झाला, जोतं झालं. तेवढ्यात एक संचालक म्हणाले की ट्रकचं दार रस्त्याकडून नको, पश्चिमेकडून हवं, वळायला सोपं जाईल. मलाही पटलं. बदलाला तयार असलं पाहिजे, असं मी स्वतः बैठकीत बोललो. मग जोत्याचा एक भाग फोडला, रॅम्प नव्यानं केला. अभियंत्यांनी सुधारित तांत्रिक मान्यता आल्याशिवाय एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका भरायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. अनुदानाचा हप्ता अडकला. त्या हंगामात तूर भाड्याच्या गोदामात पडून राहिली. ही चूक माझी होती.

खरेदीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. आराखड्यात लिहिलं होतं की एकच केंद्र राहील, आठवड्यातले तीन दिवस खरेदी होईल आणि जानेवारीत सभासद माल घेऊन येतील. काटा आणला, माणूस ठेवला, पत्रकं वाटली. माल आला नाही. कागदावर मंजूर झालेली पद्धत आहे म्हणून आम्ही पाच आठवडे तशीच चालवली. त्या पाच आठवड्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण लोक कुठं माल विकतात हे आम्हाला रोज डोळ्यांनी दिसत होतं.

शेवटी दोन गावं निवडली. टेम्पोत काटा आणि ओलावा मोजायचं मीटर टाकलं आणि दारात जाऊन तूर घेतली. पहिल्या फेरीत कळलं की बाया दिवसा कापूस वेचायला जातात, घरी कुणी नसतं. दुसरी फेरी संध्याकाळी केली. तेव्हा कळलं की पैसे त्याच दिवशी हवेत, नाहीतर किराणा दुकानदार वीस-तीस किलो रोखीनं घेऊन मोकळा होतो. तिसऱ्या फेरीला रक्कम त्याच संध्याकाळी खात्यात टाकायची सोय केली. तेव्हा ओलाव्याचं भांडण पुढं आलं. काट्यावर पोतं ठेवल्यावर "बारा टक्क्यांच्या वर आहे" म्हणून परत केलं की माणूस दुखावतो, पुन्हा येत नाही. म्हणून चौथ्या फेरीपासून चार दिवस आधी नमुना घ्यायचा, किती दिवस वाळवायचं ते सांगायचं आणि मग काटा न्यायचा असं ठरलं. तिथं व्यवस्था बसली. यातलं काहीच डीपीआरमध्ये नव्हतं, आणि असूच शकलं नसतं.

माझं मत असं बनलं आहे की अख्ख्या प्रकल्पासाठी एक पद्धत निवडणं चूक आहे. कामाच्या प्रत्येक भागाला विचारायचं: हे चुकलं तर मागं घ्यायला काय पडतं? जोतं मागं घेता येत नाही, तिथं आधी बसून, भांडून, कागदावर सगळं संपवा. टेम्पोची वेळ एका फोनवर बदलते, तिथं महिनाभर बैठका घेण्यापेक्षा दोन गावांत करून पाहा.

अडचण ही की पैसा देणाऱ्याचा नमुना एकच असतो. त्यात जोतंही तारखेनं आणि खरेदीही तारखेनं. तुमच्याकडं काय अनुभव आहे?

पाटबंधारे_निवृत्त

दारव्हेकर, तुमचं गोदामाचं वाचून माझी सगळी नोकरी आठवली. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, आणि हे दरवर्षी होतं. पाया किती खोल न्यायचा, खालची काळी माती काढून मुरूम किती भरायचा, की अंडर-रीम्ड पाइल म्हणजे खाली फुगवटा असलेले खोल खांब घ्यायचे, हे पावसाळ्यानंतर "शिकून" चालत नाही. भिंतीला तिरपी चीर गेली की शिक्षण पूर्ण होतं, पण भिंत गेलेली असते.

आखून काम करण्याच्या पद्धतीला लोक आता जुनाट म्हणतात, म्हणून थोडं सांगतो. गँटचे तक्ते, म्हणजे तुमचे बारचार्टच, शंभर वर्षांपूर्वीचे. क्रिटिकल पाथ आणि पर्ट या पद्धती १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत आल्या, पहिली ड्युपाँटच्या रासायनिक कारखान्यांच्या कामातून, दुसरी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून. त्यांचं सार साधं आहे. कोणतं काम उशिरा झालं तर सगळंच उशिरा होतं, ते शोधा आणि त्याच्यावर नजर ठेवा. आपल्याकडं हे काम बहुतेक वेळा मृगाच्या आधीचं खोदकाम असतं. ७ जूनच्या आत पाया जमिनीवर आला नाही तर दिवाळीपर्यंत बसा.

आता दुसरी बाजू. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली ती ३७२ कोटींची. १९८८ ला भूमिपूजन झालं. सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरचं. पुढं सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. धरणाची भिंत आखून बांधावी लागते यात दुमत नाही. पण भूसंपादन, पुनर्वसन, वितरिका, शेतापर्यंतची चारी ही सगळी माणसांशी बोलून, गावागणिक वेगळी ठरणारी कामं. ती भिंतीच्याच तारखांच्या माळेत ओवली की माळ तुटते. गावं उठवण्याची तारीख बारचार्टवर टाकताना ज्यानं ती टाकली त्याला गाव माहीत नसतं. मी असे चार्ट काढलेले आहेत, म्हणून बोलतो.

तुमची कसोटी मला मान्य आहे. एक भर घाला: परत न फिरणारं काम सुरू करण्याआधी ज्याला ते वापरायचंय त्याला जागेवर उभं करा. चुन्यानं दार आखा, खरा ट्रक आणून वळवून पाहा. पश्चिमेचं दार तुम्हाला जोत्याआधी एका सकाळीत सापडलं असतं.

अकोटचा_कास्तकार

भाऊ, हे इंग्रजी नावं मले समजत नाईत, पण टेम्पोचं सांगतलं ते पटलं. आमच्या पऱ्हाटीत, म्हनजे कापसात, हेच हाय.

आधी आमी फवारा तारखेनं मारत होतो. इतके दिवस झाले की हे औषध, तितके झाले की ते. दुकानदार चिठ्ठी लिहून दे, आमी मारू. अळी हाय का नाई हे पाह्यचं कोनी नाई. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, वरून पऱ्हाटी हिरवीगार दिसे. बोंड फोडल्यावर समजलं. त्याच साली यवतमाळकडं फवारताना इषबाधा होऊन मानसं गेली. तवापासून मी कामगंध सापळे लावतो, वासानं नर पतंग ओढनारे, एकरी दोन. सकाळी उठून पतंग मोजतो, वहीत लिहितो. एका सापळ्यात आठ पतंग, अन् तेबी लागोपाठ तीन रात्री, तवाच फवारा. नाईतर पंप खाली ठेवतो. खर्च वाचला, जीव वाचला.

पेरणीचंबी तसंच. मृग लागला म्हनून तिफण काढली अन् दुबार पेरणी आली, असं किती डाव झालं. आता पंच्याहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस पडून ओल खाली गेली का ते पाह्यतो. तारीख नाई, ओल.

पन दारव्हेकर भाऊ, तुमच्या हिशोबात एक गोष्ट सुटली. फरदड, म्हनजे हंगाम सरल्यावरबी पऱ्हाटी उभी ठेवनं. मले वाटलं यंदा पऱ्हाटीवर अजून चार बोंडं हायेत, ठेवू फेब्रुवारीलोक. चुकलं तर मागं घ्यायला सोपं, उपटून टाकू. माह्या वावरापुरतं ते खरं हाय. पन त्या उभ्या पऱ्हाटीत अळी राह्यते अन् पुढच्या साली अख्ख्या गावाची पऱ्हाटी खाते. म्हनून डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढाची म्हनजे काढाची, सगळ्यांनी एकाच वक्ती. तिथं प्रत्येकानं आपलं पाहून बदलत बसलं तर गाव बुडते. तवा चूक मागं घ्याले काय पडते एवढंच इचारू नका, थे कोनाले पडते हेबी इचारा.

खामगावकर_पुणे

कास्तकार दादा, तुमची वही हीच या विषयातली सगळ्यात नेमकी गोष्ट आहे. त्याकडं येतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळं तुमच्या तरुण संचालकाचं म्हणणं ओळखीचं वाटलं. आमच्याकडं आखीव पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात: आधी गरजा, मग रचना, मग बांधणी, मग तपासणी, पाणी खाली पडतं तसं, परत वर चढत नाही. ही पद्धत विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधावर टाकली जाते. पण त्या निबंधात वॉटरफॉल हा शब्दच नाही. उलट ती क्रमवार आकृती दाखवून त्यांनी लगेच लिहिलं आहे की असंच करत गेलात तर ते धोक्याचं आहे, कारण तपासणी शेवटी येते आणि चूक कळते तेव्हा मुळापासून बदलावं लागतं. ग्राहकाला आधीपासून सामील करा, नवीन काम असेल तर ते दोनदा करण्याची तयारी ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. लोकांनी आकृती घेतली आणि मजकूर सोडला.

एजाइलचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड इथं जमलेल्या १७ जणांनी लिहिला. त्यात आराखड्याबरहुकूम चालण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं जास्त मोलाचं, असं आहे. पण शेवटी हेही आहे की उजव्या बाजूच्या, म्हणजे आराखड्यासारख्या गोष्टींनाही मोल आहे, डाव्या बाजूच्या, म्हणजे बदलाला प्रतिसाद देण्यासारख्या, आम्हाला जास्त मोलाच्या वाटतात एवढंच. म्हणजे आराखडा फेकून द्या असं त्यांनी म्हटलेलं नाही. मी मात्र अशा चमूंत काम केलंय जिथं एजाइलच्या नावाखाली काहीच ठरवत नाहीत, दर दोन आठवड्यांनी नुसती यादी हलवतात आणि ज्याला वापरायचंय त्या माणसाचं तोंड वर्षभर कुणी पाहत नाही. ते मला पाच आठवडे मालाविना चालवलेल्या खरेदी केंद्राइतकंच वाईट वाटतं.

दारव्हेकर सर, तुमच्या टेम्पोच्या चार फेऱ्यांत जे घडलं ते खरं अनुकूलन आहे, कारण प्रत्येक फेरीनंतर एकच गोष्ट बदलली आणि ती का बदलली हे तुम्ही आजही सांगू शकता. दादांच्या वहीतही तेच आहे. आठ पतंग, तीन रात्री हा आकडा आधी ठरलेला आहे, म्हणून सकाळी मनाला येईल तसा निर्णय होत नाही. बदलत जायचं असेल तर कशावर बदलायचं हे आधीच लिहून ठेवावं लागतं. दुसऱ्या टप्प्यात पॅकिंग करताना हे करून पाहा: फेरीआधी एका ओळीत लिहा की काय होईल असं वाटतंय. उदाहरणार्थ, "एक किलोचं पाकीट अर्ध्या किलोपेक्षा जास्त खपेल." नंतर खरं काय झालं ते त्याच ओळीखाली. नाहीतर महिन्याभरानं प्रत्येकजण म्हणतो, मला हे आधीच माहीत होतं.

हळदीचं_घर

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली. आमचा गट वायगाव हळदीची पावडर करतो. सगळ्यांचं वाचलं. कास्तकार दादांनी विचारलं ते "कोनाले पडते" मला अगदी आतून लागलं.

गेल्या वर्षी आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं की करत-करत शिका, बाजार सांगेल तसं बदला. आम्ही लेबल तीनदा बदललं. पाकीट दोनदा. निर्णय घेणाऱ्यांना ते सोपं होतं, फोनवर "बदला" म्हणायचं. जुनी लेबलं नखानं काढून नवी चिकटवणाऱ्या आम्ही सहा बाया. त्या वेळेची मजुरी कुठल्याच हिशेबात धरलेली नव्हती. आखीव कामात निदान माझ्या वाट्याला काय येणार हे आधी लिहिलेलं असतं. रोज बदलणाऱ्या कामात ते रोज वाढतं आणि बोलायला जागा नसते. तेव्हापासून आमचा नियम झाला: बदल सुचवणाऱ्यानं त्या बदलाची मजुरीही त्याच बैठकीत सांगायची.

आढाव्याबद्दल. पंधरा मिनिटांची रोजची उभ्यानं बैठक घ्या, असंही प्रशिक्षणात सांगितलं होतं. खुरपणीच्या दिवसांत ते शक्य नाही, आणि खरं तर गरजही नाही. आमची बचतीची बैठक आठवड्याला होतेच, तिथं शेवटी तीन गोष्टी विचारतो: काय बरं झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात एकच काय बदलू. पहिले दोन महिने कुणी बोललं नाही, कारण समितीतले दोन पुरुष सदस्य समोर बसायचे. त्यांना ते कळलं तेव्हा ते आपणहून नंतर यायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा एका काकूंनी सांगितलं की उकळायच्या कढईची उंची चुकली आहे, वाकून-वाकून कंबर जाते. कढई वर्षभरापासून तशीच होती. चार विटा लावल्या, काम झालं.

दारव्हेकर दादा, टेम्पोच्या संध्याकाळच्या फेरीला तुमच्यासोबत बाई कार्यकर्ती होती का? असेल तर तिला संचालकांच्या बैठकीत बोलवा. तुमच्या आराखड्यात नसलेलं बरंच तिच्याकडं असेल.

धानोरा_रोड

गडचिरोलीतून लिहितोय, आरोग्याच्या कामात आहे. एक मुद्दा राहतोय असं वाटतं. कोणतं काम आखीव आणि कोणतं बदलतं हे कायमचं ठरत नाही. तेच काम एका काळात बदलतं असतं, नंतर आखीव होतं.

आमच्या जिल्ह्यातलं घरोघरी नवजात बाळाची काळजी हे त्याचं उदाहरण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत हे काम केलं, तुलनेसाठी ४७ गावं वेगळी ठेवली. पहिली दोन वर्षं मुख्यतः मोजण्यात गेली: किती बाळं जन्मतात, कशानं दगावतात. उपचार १९९५ पासून पायरी-पायरीनं आणले. गावातल्या थोडं शिकलेल्या बाईला बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, औषध देणं जमतं का, हे पाहत पुढं गेले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं देशभरात आशाताईंच्या कामात ते घेतलं गेलं, आणि आज त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

आता कुणी आशाताई म्हणाली की मी शिकत-शिकत भेटी ठरवते, तर मी नाही म्हणेन. तो शोध लागलेला आहे, त्यासाठी बाळं आधी गेलेली आहेत. पण कोणत्या पाड्यावर पावसाळ्यात नाला ओलांडून कसं पोचायचं, हे तिनंच ठरवावं, ते नागपुरातून ठरू नये.

दारव्हेकर भाऊ, तुमची चौथ्या फेरीची पद्धत आता बसली आहे ना? मग ती लिहून पक्की करा. दरवर्षी नवा माणूस येऊन पुन्हा पहिल्या फेरीपासून शिकला तर ते सभासदांच्या जिवावर होतं.

दारव्हेकर

दोन दिवस सगळं पुन्हा-पुन्हा वाचलं. माझी कसोटी अपुरी होती हे मान्य करतो. चूक मागं घ्यायला काय पडतं एवढंच मी पाहत होतो, कारण जोत्याचा घाव ताजा होता. कास्तकार दादा आणि हळदीच्या ताईंनी ते "कोणाला पडतं" इथं नेलं, आणि त्यानं माझी यादीच बदलली.

ताई, हो, बाई कार्यकर्ती होती. संध्याकाळी फेरी न्या हे तिनंच सुचवलं होतं. मी वर लिहिताना "कळलं" असं लिहून गेलो, कुणामुळं कळलं ते लिहिलं नाही. ती पुढच्या बैठकीत बोलणार आहे, विषयपत्रिकेत नाव टाकलं.

मंडळापुढं मी हे ठेवणार आहे. शेड, पाया, विजेचा भार आणि चाळणी यंत्राची जागा पूर्ण आखून, सही होईपर्यंत काम सुरू नाही. त्याआधी चुन्यानं आखणी करून भरलेला ट्रक एकदा आत-बाहेर करायचा, सगळे संचालक हजर. खरेदीची पद्धत धानोऱ्याच्या भाऊंनी म्हटल्याप्रमाणे दोन पानांत लिहून पक्की, तिला यंदा हात लावायचा नाही. बदलत जायचं ते फक्त पॅकिंग आणि विक्री. दर पंधरा दिवसांनी एकच बदल, आधी अंदाज लिहून, आणि बदलाची मजुरी त्याच ठरावात.

पैसा देणाऱ्याच्या नमुन्याचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. पॅकिंगसाठी "सहा महिन्यांत बारा फेऱ्या, प्रत्येक फेरीची नोंद" असा टप्पा लिहून द्यावा असं डोक्यात आहे. मग तारखेला उत्पादन न दाखवता फेऱ्यांची वही दाखवता येईल. कुणी असा टप्पा मंजूर करून घेतला आहे का?

पाटबंधारे_निवृत्त

मंजूर होऊ शकतो, पण वहीसोबत प्रत्येक फेरीचा खर्चाचा तक्ता लावा आणि वरची मर्यादा आधीच लिहून द्या. लेखापरीक्षकाला बदलाची भीती नसते, मर्यादा नसलेल्या बदलाची असते. एकूण रकमेच्या आत फिरवाफिरवीचा अधिकार मंडळाला दिल्याचा ठराव जोडा, म्हणजे दर वेळी सुधारित मान्यतेसाठी पळावं लागणार नाही.

आणि माती तपासली का? जुन्या गोदामाचा अहवाल नव्या शेडला लावू नका, पन्नास फुटांवर काळी माती दुप्पट खोल निघते.

दारव्हेकर

नाही तपासली सर. जुनाच अहवाल लावणार होतो. सोमवारी तीन खड्डे घेतो आणि किती खोलीवर मुरूम लागला ते इथं टाकतो.

अकोटचा_कास्तकार

खड्डे घेसान तवा एखांदा जुना सालदार संगं न्या भाऊ. कोनत्या कोपऱ्यात पानी मुरते ते त्याले माहीत राह्यते.

दारव्हेकर

नेतो दादा. त्या वावरात ज्यांनी तीस वर्षं वखर चालवला ते बाबा अजून आहेत गावात.